कोयनेलचा पहिला घोट

रंभाजीआबा उभ्या जन्मात कधी आजारी पडले नव्हते, आणि औषधाच्या रांगेत त्यांचा नंबर कायम पहिला असे. साठी उलटलेला माणूस, पण नांगराचा बैल अडला तर त्याला बाजूला करून स्वतः जू खांद्यावर घेईल असा. दर बाजारच्या दिवशी हा गृहस्थ रिकामी बाटली घेऊन चावडीच्या ओसरीवर उकिडवा बसायचा आणि लांबून डॉक्टरांची सायकल दिसली की कण्हायला लागायचा.

मी तेव्हा पुणतांब्याच्या अलीकडे, कालव्यावरच्या एका खेड्यात मास्तर होतो. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. कालव्यानं गावाला पाणी दिलं, ऊस दिला आणि त्याच पाण्यावर पोसलेल्या डासांनी हिवताप दिला. पाऊस उघडला की घरटी एकजण तरी गोधडीखाली कुडकुडत असे. पुणतांब्याचे सॉलोमन डॉक्टर औषध द्यायचे, पण गावाच्या हातात रोख पैसा कुठला? शेवटी डॉक्टरांनीच तोड काढली. "सुताराला बलुतं देता, न्हाव्याला देता, तसं मलाही द्या," ते म्हणाले. "सुगीला घरटी पायलीभर बाजरी घाला. मग वर्षभर घरातलं कुणीही आजारी पडो, औषधाला पैसा नको."

बलुतं म्हटल्यावर गावाला बोलणं पटकन कळलं. घोटाळा झाला तो जरा जास्तच कळल्यामुळे.

"न्हावी आठवड्याला दाढी करतो," आबांनी पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना सुनावलं. "तुमची दाढी वाढली का, असं इचारत बसतो का? मंग तुमी बी आठवड्याला बाटली द्याया पायजे. आजाराचं आमचं आमी बगू."

"वसूल झालं पायजे" हा आबांचा मंत्र होता. डोक्यावर चार केस उरलेले, तरी न्हाव्याचा वस्तरा अख्ख्या डोक्यावरून फिरला पाहिजे. औत धडधाकट असलं तरी सुतारानं त्यावर दोन ठोके घातले पाहिजेत. मी या वसुलीतून सुटेन असं मला उगाच वाटत होतं. एके दिवशी पाहतो तर आबा शाळेच्या खिडकीखाली घोंगडी टाकून बसलेले.

"काय आबा?"

"चालू द्या तुमचं. लोकल फंड भरतो मी शाळेपायी. पोरं न्हाईत मला, म्हनून सोडून देऊ व्हय? वसूल नको व्हाया?"

तेव्हापासून ते रोज तासभर खिडकीखाली बसत. मी पाढे लवकर आटोपते घेतले तर बाहेरून खाकरत. इन्स्पेक्टरची भीती मला कधी वाटली नाही, आबांची वाटायची. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात एकटेच.

एकटेच म्हणायचं, पण भिंतीपलीकडे सख्खा भाऊ राहत होता, सावळेराम. दोघांचं भांडण झालं ते लिंबाच्या सावलीवरून. वाटणीत झाडाचं खोड आलं आबांकडे आणि सावली पडू लागली सावळेरामाच्या खळ्यात. त्या सावलीत कुणी बसायचं, यावरून शब्दाला शब्द वाढला आणि मग शब्दच बंद झाले. घराच्या मधोमध भिंत घातली. घराचं जोतंसुद्धा निम्मं निम्मं केलं. फक्त वरची तुळई कापता आली नाही, कारण कापली असती तर छप्पर दोघांच्याही डोक्यावर आलं असतं.

डॉक्टरांच्या कणगीत आबांनी पहिली पायली घातली आणि सावळेरामानं भर चावडीत जाहीर केलं, "जिथं त्याची पायली, तिथं माझी न्हाई. मला काय हुतंय?" देवानं हे ऐकलं असावं. पुढल्याच पावसाळ्याच्या शेवटी तो गोधडीखाली गेला. दिवसाआड थंडी वाजून ताप यायचा. पण भर चावडीत बोलून बसलेला माणूस, कुठल्या तोंडानं डॉक्टरांकडे जाणार!

इकडे आबांची वारी चालू होतीच. पूर्वी ते "अंग मोडून आलंय" एवढ्यावर भागवायचे. आता तक्रारीत नेमकेपणा आला. "दिसाआड थंडी भरती. दात वाजत्यात. मंग ताप. मंग घाम." हे सगळं उघड्या छातीनं, खणखणीत आवाजात सांगायचं. डॉक्टर नाडी पाहून म्हणायचे, "आबा, नाडी घोड्यासारखी चालते आहे." आबा म्हणायचे, "ती आत्ता. बाटली द्या."

आता डॉक्टरांचा एक नियम होता. लोक औषध न्यायचे आणि कडू लागलं की उकिरड्यावर ओतायचे. म्हणून हिवतापावरच्या कोयनेलचा पहिला घोट डॉक्टरांच्या समोर घ्यायचा, मगच बाटली घरी न्यायची. कोयनेल ज्यानं प्यालं नाही त्याला मी काय सांगू? जीभ दिवसभर आपली राहत नाही. आबा डोळे मिटून, नाक चिमटीत धरून तो घोट घ्यायचे, अंगावर शहारा आणायचे आणि बाटली धोतराच्या सोग्यात लपवून घरी जायचे. हा माणूस पायलीभर बाजरीसाठी असले हाल करून घेतो, याचा मला राग यायचा. चिक्कूपणालाही काही मर्यादा?

एका रविवारी सकाळी आबा माझ्या दारात.

"मास्तर, घंटा वाजतीया, आन शाळा बंद कशी?"

"आबा, आज रविवार. घंटा कुठली वाजायला?"

"ह्ये काय, वाजतीया की!" त्यांनी कानावर हात ठेवले. "रातसारी वाजतीया."

कोयनेलनं कान वाजतात हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, आता तरी सोडा ते पिणं. तर म्हणाले, "सोडून कसं चालंल? निम्मं वसूल व्हायचंय." त्यानंतर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. सगळं गाव ओरडू लागलं.

बाजरीची सुगी आली आणि मारुतीच्या पारावर बैठक बसली. डॉक्टरांची पायली पुढं चालू ठेवायची की बंद करायची, एवढाच प्रश्न. पण त्यावर अख्खं गाव पेटलं.

"सरकारला लेव्हीचं धान्य घाला, आन वर डागदरला बी घाला?" पाटील म्हणाले. "दाना काय आभाळातनं पडतो?"

"माझ्या घरात वरीसभर कोनी शिंकलं बी न्हाई. माझी पायली माघारी द्या!" एकजण उठला.

"शिंकलं नाही, याचा आनंद माना की," डॉक्टर म्हणाले.

"मानतो की. पन आनंदाला पायली कशापायी?"

जे आजारी पडले होते तेही खूश नव्हते. एका बाईचं म्हणणं असं, "मला बी लाल पानी, सासूला बी लाल पानी. सुई येकदा बी टोचली न्हाई. समाधान कसं हुईल?" दोन-चार जण डॉक्टरांच्या बाजूनं बोलले, पण हळू. वारं कुठं वाहतंय ते दिसत होतं. डॉक्टर सायकलला टेकून उभे होते. पुढल्या पावसाळ्यात ही सायकल गावात येणार नाही, असं मला वाटून गेलं. माझ्या शाळेतली निम्मी पोरं त्या लाल पाण्यानं उभी राहिली होती.

तेवढ्यात पाटलांनी हुकमाचं पान टाकलं. "आनि ह्या आबाची गंमत ऐका. सगळ्यांपरीस जास्त औषध ह्यानं नेलं. पन बाटली कालव्यावर घासत कोन हुतं? सावळ्याची लेक पारू! सावळ्यानं पायली घातली न्हाई. मंजी पायली आमची, आन कोयनेल त्याला? काढा ह्या आबाचं नाव, आन बंद करा ह्यो बाजार!"

एकच गिल्ला झाला. देवळाच्या भिंतीशी सावळेराम घोंगडी पांघरून बसला होता. तापानं निम्मा झालेला. त्यानं मान आणखी खाली घातली.

आबा शांतपणे उठले. कानामागं हात धरून म्हणाले, "मोठ्यानं बोला, पाटील. घंटा वाजतीया."

पाटलांना सगळं पुन्हा ओरडून सांगावं लागलं. त्यात बोलण्याची धार गेली.

"मंग? घरटी पायली ठरलं हुतं ना?" आबा म्हणाले. "घर कशानं मोजता, भिंतीनं का छपरानं? भिंत आमी घातली. तुळई बानं घातलीया, ती येकच हाय. तुळई येक तर घर येक. माझ्या घरातलं मानूस आजारी पडलं, मी वसूल केलं. चुकलं कुटं?"

मग डॉक्टर पुढं झाले. "पाटील, फुकट काही गेलेलं नाही. त्या प्रत्येक बाटलीचा पहिला घोट आबा माझ्यासमोर प्यालेत. अंगात ताप नसताना. नका घेऊ म्हटलं तर म्हणाले, नेम म्हंजी नेम."

कोयनेलची चव तिथं जवळजवळ प्रत्येकाला माहीत होती.

सावळेराम भिंतीला धरून उठला. "दादा," तो म्हणाला, "लई कडू हुतं का?"

"आं?" आबांनी कानामागं हात नेला.

"दादा, लई कडू हुतं का?"

"आं?"

सावळेराम चालत जवळ आला, आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "दादा! लई कडू हुतं का?" शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फुटला.

"मंग! कोयनेल काय गूळ अस्तोय?" आबा म्हणाले, आणि सगळा पार हसला. बायका पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

"उद्या माझी पायली आनतो," सावळेराम पाटलांना म्हणाला. "पायल्या दोन लावा. घर मातर येकच."

ठराव एकमतानं झाला असं मी म्हणणार नाही. एकमतानं गावात काही होत नाही. 'आनंदाला पायली कशापायी' शेवटपर्यंत कुरकुरत होता, आणि पाटलांनी घरटी वर्षाला एक तरी सुई टोचलीच पाहिजे अशी अट घालून पायली कबूल केली. पण डॉक्टरांची सायकल येत राहिली.

त्या संध्याकाळी डॉक्टरांना कालव्यापर्यंत पोचवायला गेलो. म्हटलं, आबांच्या कानांचं आता काय करायचं?

"कानांना काय झालंय?" डॉक्टर हसले. "घरात एकटा असलेल्या माणसाची बाटली धुऊन लख्ख आलेली पाहूनच मला सगळं कळलं होतं. दसऱ्यापासून आबांच्या घोटात मी कोयनेल घातलेलं नाही; बाटलीत मात्र खरं कोयनेल. घोट वेगळा ओतायचो, नुसता काडेचिराइताचा काढा. कडू तेवढाच, पण त्यानं कान वाजत नाहीत."

दुसऱ्या दिवशी आबा नेहमीप्रमाणे खिडकीखाली होते. मी बाहेर गेलो आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आबा, काल पारावर पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं का हो?"

आबांनी आजूबाजूला पाहिलं. मग माझ्यासारखंच हळू म्हणाले, "आल्तं की. पन किती वर्सांनी 'दादा' म्हनला, मास्तर. येकदा ऐकून कसं वसूल व्हायाचं?"