दोन टक्क्यांवरचा बाप

बर्मिंगहॅमहून निघालेल्या श्रीकांतरावांनी वाटेतला प्रत्येक चार्जर ठरवून सोडला. त्यांचा नवा इलेक्ट्रिक पिकअप ट्रक (घरामागच्या बागेत चार कुंड्या असताना एवढं धूड कशाला, हे ते आजवर कुणालाच पटवू शकलेले नाहीत) साउथहॅम्प्टनजवळच्या जंगलातल्या कॅम्पसाइटवर पोचला, तेव्हा बॅटरीत दोन टक्के उरले होते. श्रीकांतरावांच्या चेहऱ्यावर मात्र नवरदेवाचं तेज!

त्यांची लेक तनिषा साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर. दिवाळीपासून घरी फिरकली नव्हती. तिच्या रिकाम्या खोलीतला दिवा श्रीकांतराव रोज संध्याकाळी लावत आणि त्यांच्या पत्नी श्यामलाबाई तो मुकाट्याने बंद करत. फोनवर मात्र हा बाप विचारणार काय, तर "टायरमध्ये हवा भरलीस का?" 'आठवण येते' हे शब्द त्यांच्या घराण्यातल्या एकाही पुरुषाच्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते. म्हणून हा बेत. लेकीला सांगितलं, कॅम्पिंगची हौस आलीय. आता कॅम्पसाइटवरच्या प्लगच्या खांबावरून ट्रक मुंगीच्या पावलांनी चार्ज होणार, मुक्काम लांबणार आणि अडकलेल्या आईबापांकडे लेक धावत येणार.

त्यांनी कारवानना, म्हणजे चाकांवरच्या घरांना, वीज पुरवणाऱ्या खांबाला ट्रक जोडला. त्याच खांबाला श्यामलाबाईंनी मोदकांचा इलेक्ट्रिक स्टीमर लावला. खट्! अख्ख्या रांगेची वीज गेली. शेजारच्या कारवानमधले आजोबा कोमट किटली घेऊन बाहेर आले आणि इतक्या नम्रपणे "सो सॉरी टु बॉदर यू" म्हणाले, की श्रीकांतरावांना त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

कॅम्पसाइटच्या वॉर्डनने वीज सुरू केली आणि ट्रकची केबल उपटून त्यांच्या हातात ठेवली. "इथे गाड्या चार्ज करायच्या नाहीत. पाटी लावलीय."

आता तर खरंच अडकले! श्रीकांतरावांनी आनंद गिळत फोन लावला.

"तनू, ट्रक डेड झाला गं."

"ओ नो! बाबा, पॅनिक नका होऊ. मी करते काहीतरी."

"कर, कर. सावकाश ये."

थोड्या वेळाने आली ती ब्रेकडाउनची व्हॅन, लेकीने ॲपवरून धाडलेली. त्या भल्या माणसाने ट्रकमध्ये थोडी वीज भरली, श्रीकांतरावांना जवळच्या फास्ट चार्जरवर नेलं आणि बॅटरी भरेपर्यंत त्यांच्याशी फुटबॉलवर गप्पा मारल्या. श्रीकांतराव आयुष्यात एवढे उदास कधी झाले नव्हते.

परतले, तर तंबूपुढे तनिषा! मोदक खात, कोपरापर्यंत तूप.

"तू कशी आलीस?"

"आईचा फोन आला. म्हणाली, बाबांना तुझी आठवण येते, पण ते मेले तरी बोलणार नाहीत. मग मी शिफ्ट स्वॅप केली."

श्रीकांतरावांनी तिच्या गाडीकडे बोट दाखवलं. "टायर... ठीक आहेत ना?"

"बाबा!" ती गळ्यात पडली. "मला तीन दिवस ऑफ आहे. आई माझ्याकडे राहील. आणि तुमच्यासाठी सरप्राइज!"

"मी जमिनीवरसुद्धा झोपेन हं," श्रीकांतराव घाईघाईने म्हणाले.

"तेच तर! तुम्हाला कॅम्पिंगची हौस आहे ना? मी तुमचा टेंट तीन दिवस एक्स्टेंड केला. वॉर्डन नाहीच म्हणत होता. पण मी प्रॉमिस केलंय, माझे बाबा एकटे असतील आणि कशालाही हात लावणार नाहीत."