शून्य ओळींची बोडी

सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही, पण ब्रह्मपुरीकडचे वाघ वामनरावांना विचारल्याशिवाय चिखलात पाऊल उमटवत नाहीत. असं खुद्द वामनरावच सांगत. "माह्या डोऱ्यातून काहीच सुटत नाई!" मासेमार संस्थेत ते कारकून होते, पण स्वतःच्या मते डाटाबेसमधले गुप्तहेर.

कोणत्या बोडीत, म्हणजे गावतळ्यात, आज कोणाच्या जाळ्याची पाळी, याची यादी संगणकातून निघे. संस्थेतल्या संघप्रियाने त्यासाठी इनलाइन फंक्शन लिहिलं होतं. बोडीचं नाव आत द्या, पाळीवाल्यांचं टेबल बाहेर. त्या सोमवारी वामनरावांनी नाव दिलं आणि बाहेर आल्या शून्य ओळी.

दारात ताराबाई, खांद्यावर जाळं. "बाराच्या आत यादी नाई निघाली त माही पारी गेली, वामनभाऊ. मंग पुढच्या सालीच."

"गुन्हेगार याच खोलीत हाये," वामनराव म्हणाले. खोलीत तिघंच होते.

त्यांनी पडद्याला भिंग लावलं. "संघप्रिया! बिगिन नाई, एंड नाई! बिनफाटकाच्या वाडीत चोर घुसनारच!"

"भाऊ, इनलाइनले बिगिन-एंड राहतच नाई. रिटर्न म्हनाचं, एक सिलेक्ट लिहाचं, झालं."

"एकच? म्हंजे साथीदार फरार! अन् हा वेटोरं घालून कोन बसला?"

"ॲटचं चिन्ह हाये ते. पॅरामीटर. बोडीचं नाव त्याच्यातूनच आत जाते."

"अजगर! आत घेते अन् बाहेर देत नाई!"

पावणेबारा झाले. ताराबाई जाळ्यासकट पडद्यावर वाकली.

"काऊन हो भाऊ, हे 'कारी बोडी' कोनं लिवलं?"

"मीच. नावच हाये ते."

"तोंडानं कारी. कागदावर काळी. माह्या पावतीवर पाहा ना."

संघप्रियाने इकडच्या बोलीतला र खोडून कागदावरचा ळ टाकला. अकरा ओळी टपाटप उगवल्या. तिसरी ताराबाई. छापलेला कागद हातात पडताच ती बोडीकडे पळालीसुद्धा.

चार दिवसांनी चहाच्या टपरीवर वामनराव रंगात आले होते. "टेबलात एक अक्षर, नावात दुसरं! अख्खं हापिस चूप. म्या एका नजरेत चोर धरला!"

मासोळ्यांची टोपली घेऊन जाणारी ताराबाई थबकली.

"मंग एकदा म्हना ना भाऊ, काळी बोडी."

वामनरावांनी छाती फुगवली. "त्यात काय? कारी बोडी!"

"पकडला लबाड!" ताराबाई टपरीभर ओरडली. "कारी म्हननारा काळी कसा शोधन?"