समुद्रगौरीला अंगणवाडीत घेतलं

आमच्या अंगणवाडीतली उरलेली एकुलती एक जागा यंदा एका क्रूझ बोटीला मिळाली आणि माझी दुर्वा बाहेर राहिली.

बोटीवर माझा राग नाही, पद्धतीवर आहे. समुद्रगौरी लांबीला देवळापासून मच्छीबाजारापर्यंत भरते. चौदा मजले, पोहायचे दोन तलाव, नाटकगृह, दोन हजार माणसं झोपतील एवढ्या खोल्या, वर खाऱ्याचं गोडं पाणी करायचं यंत्र. आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी. असल्या घरच्या लेकराला सरकारी खिचडी कशाला लागते, एवढंच मी सेविका मंदाकिनीताईंना विचारलं.

"खिचडी घर बघून देत नाहीत, निकिता. वय बघून देतात."

"मग वय बघा. वीस वर्षांची घोडी आहे. फिनलंडात बांधली. आधी गोऱ्यांना बर्फ दाखवत फिरायची. मग दुसऱ्या मालकाने मधोमध कापून, तुकडा घालून लांब केली. हिला बालक म्हणायचं?"

पालक म्हणून कप्तान डिकुन्हा आले होते. ते मुलांच्या खुर्चीत अवघडून बसले होते. म्हणाले, "बाई, समुद्रगौरी हे नाव तीन वर्षांपूर्वी ठेवलं. रीतसर नारळ फोडून."

"झालं तर," ताई म्हणाल्या. "बारसं झालं तिथून वय. गावची रीत तुला नवी आहे का? दुर्वाचं बारसं कधी केलंस?"

केलंच नव्हतं. बारशाच्या तोंडावर सासरे वारले, सुतक आलं, मग राहूनच गेलं. दुर्वा हे आपलं हाक मारायचं नाव. म्हणजे माझी पोरगी धावते, शेजाऱ्यांना उलट बोलते, पण वयाने शून्य.

"आज करते बारसं," मी म्हटलं.

"कर. तीन वर्षांनी घेऊन ये."

रात्रभर मला झोप नाही. पोरीच्या बरगड्या मोजता येतात, आणि हे असं.

पहिल्या दिवशी बोटीने नाक अंगणात ठेवलं, बाकीचं अंग खाडीत. कप्तान वर चढून दिसेनासे झाले आणि तिने भोंगा काढला. घराघरांतली भांडी फळीवरून पडली. खाडीतली मासळी निघून गेली. कप्तान परत खाली आले, "गौरी बाय, असं करू नये," म्हणत राहिले. ती ऐकेना.

मी तशीही भांडायलाच निघाले होते. दुर्वाला कडेवर घेऊन तिच्या नाकासमोर उभी राहिले. "एवढे दिवे लावून मिरवतेस आणि भोकाड पसरतेस? पूस ते नाक."

ती गप्प झाली. एक हुंदका आला, त्याने पाणी पायरीपर्यंत चढलं, तेवढंच.

ताई म्हणाल्या, "उद्यापासून आया म्हणून हिच्यापाशी तूच बसायचंस."

"आणि दुर्वा?"

"शून्य वयाचं मूल आईला सोडून कुठे राहणार? आण की. तुझ्या ताटात खाईल."

ताट मोठं वाढतात, खोटं कशाला बोलू. पण माझ्या लेकीने हक्काचं सोडून बोटीच्या आयेच्या ताटात जेवायचं, हे मला पटलेलं नाही, आणि मी ते रोज बोलून दाखवते.

जेवण झालं की दोघी झोपतात. एका मांडीवर दुर्वा, दुसरीवर बोटीचं नाक. काल पायाला मुंग्या आल्या म्हणून हलणार होते, तर कप्तान वरून हळूच म्हणाले, "थांबा बाई. आत्ता डोळा लागलाय."

"कोणाचा?"

"दोघींचा."

मी पाय तसाच ठेवला.