बावीस मिलिमीटरची लेखिका

आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीतले वाळुंजकाका पुस्तक वाचत नाहीत, तपासतात. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीला होते. रिटायर झाले, पण खोड गेली नाही. नवं पुस्तक हातात आलं की आधी झटकून बघणार, मग फक्त दर दहावं पान वाचणार. "सगळा लॉट कोण तपासतंय व्हय? सॅम्पल काढायचं!" बरं, मत तरी चुकावं! मी अख्खी कादंबरी वाचून जे बोलते, तेच हा माणूस दहाव्या हिश्श्यात बोलून मोकळा. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जाते.

सोसायटीचा पुस्तक क्लब मी चालवते, म्हणजे समोसे मी आणते. गेल्या महिन्यात आम्ही एका नटीची कादंबरी घेतली. मुखपृष्ठभर नटीचं नाव, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत सहलेखिका म्हणून दुसऱ्याच एका बाईचं.

चर्चा सुरू होते न होते तोच काका ओरडले, "लॉट थांबवा!" आणि खिशातून त्यांनी चक्क व्हर्नियर काढला. कंपनीत बोल्ट मोजतात ना, तोच. समोसा बाजूला सारून मुखपृष्ठावरच्या नावांची उंची मोजली. "नटी बावीस मिलिमीटर. दुसरी बाई दोन. मालात घोटाळा हाय."

"अहो काका, प्रसिद्ध माणसाचं नाव मोठंच असणार," शिल्पा म्हणाली. ही आमची सेक्रेटरी. तिला क्लबतर्फे नटीला पत्र लिहून गणपतीला बोलवायचं होतं.

"पान ऐंशी काढा. आधी रेडकू सोडलं, म्हैस पान्हवली, मग धार काढली. नटीला हे कुठनं ठाऊक? आन् पान नव्वद बघा. हिरवा ज्यूस पिती. हे नटीचं." अशी सगळ्या सॅम्पलची वाटणी झाली. म्हशीकडची पानं सोळा, ज्यूसची दोन. काकांनी पुस्तकाला रिजेक्टचा लाल टॅग बांधला. "पत्र जाईल तर त्या बारक्या नावाला. न्हाईतर क्लबातनं मला काढा."

"मग काढलं!" शिल्पा भडकली.

काका खरंच उठले. व्हर्नियर डबीत घालून चपला शोधू लागले. "काका, एवढं काय मनाला लावून घेता?"

"कंपनीच्या दिवाळी अंकात दरसाल माझी गोष्ट यायची," ते खाली बघत म्हणाले. "पयलं बक्षीस. साहेब पाठ थोपटायचे. लिहायची आमची कारभारीण. भाकरी झाल्या की तिथंच ओट्यावर वही धरायची. एकदा म्हणली, औंदा खाली माझं बी नाव टाका की. बारीक चालंल. मी म्हणलं, लोक हसतील. तिनं वही मिटली. परत लिहिलंच न्हाई. आन् आता ती न्हाईच."

कुणी समोशाला हात लावला नाही. मला रडूच आलं. शिल्पाने कोरा कागद घेतला आणि सहलेखिकेच्या नावाने पत्र लिहिलं. म्हशीची धार फार आवडली, असं. मग पेन काकांपुढे केलं.

"माझी सही नको. माझं नाव लई छापून झालं. तिचं टाक, पोरी. हिराबाई वाळुंज."

शिल्पाने ते सावकाश, वळणदार लिहिलं. काकांनी कागद उचलून उजेडात धरला.

"रेशनकार्ड सोडलं तर पयल्यांदाच बघतोय," ते म्हणाले, "हे नाव लिहिलेलं."