प्रत्येकीनं दोघींना सांगायचं

शनिवारी सकाळी टिल्लूंच्या घरी चहाबरोबर एक प्रश्न निघाला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. प्रश्न साधा होता. पुढच्या रविवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू, साठ बायकांना बोलवायचं, आणि बोलावणाऱ्या बाईंचा उजवा गुडघा ऑगस्टात बदललेला.

उज्जैनच्या मराठी घरांत हे बोलावणं दारात जाऊन, तोंडानं करायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर ती नुसती बातमी. त्यावर कुणी साडी बदलत नाही. फार तर फोन चालतो. सुनंदाबाई दर वर्षी फ्रीगंजातल्या आपल्या घरापासून सुरुवात करून तीन दिवसांत साठ उंबरे पुरे करत. यंदा जिना उतरायचा तोच कठडा धरून. आणि साठ फोन करायचे म्हणजे साठ जणींना गुडघ्याची कहाणी पहिल्यापासून ऐकवायची.

"साठ कशाला? तू दोनच फोन कर," मधुकरराव म्हणाले.

मधुकररावांनी छत्तीस वर्षं कॉलेजात बीजगणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर शिकवायला घरात बायको आणि सून एवढ्याच उरल्या, आणि दोघींनी एव्हाना ऐकायचं सोडलं होतं. पण गणित काही सुटत नाही. कुकरच्या शिट्ट्या, दुधाचं विरजण, वाफाळता चहा निवायला लागणारा वेळ, सगळ्यात त्यांना घातांक दिसायचा. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडून दाखवलं. सुनंदानं दोघींना सांगायचं. त्या दोघींनी प्रत्येकी दोघींना. दोनाच्या चार, चाराच्या आठ, मग सोळा, मग बत्तीस. बेरीज बासष्ट. किती फेऱ्या लागतील हे विचारायचं असेल तर लॉग घ्यायचा, तो खास त्याच कामासाठी असतो. उत्तर आलं पाच. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, म्हणजे सोमवारी दुपारच्या जेवणाआधी काम फत्ते.

"दोघी कोण, ते सांग," ते पेन उघडून बसले.

सुनंदाबाईंच्या मनात पहिलं नाव आलं ते विजयाचं. ते त्यांनी तिथेच गिळलं. विजया त्यांची धाकटी जाऊ, विष्णूची बायको, राहायला भैरवगढला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात प्रत्येकाला वाटलं की विजयाला दुसऱ्या कुणीतरी कळवलं असेल. तिला कळलं पाचव्या दिवशी, आणि तेही भाजीवाल्याकडून. तेव्हापासून आठ महिने तिनं या घराची पायरी चढली नव्हती. सुनंदाबाईंचाही स्वभाव असा की मी पडून असताना हिनंच यायचं, मी का फोन करू. पण यंदाचं हळदीकुंकू त्या गुडघ्याची पर्वा न करता करत होत्या ते विजयासाठीच, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. साखळी बासष्ट घरं फिरणार, म्हणजे विजयाच्या घरी आपोआप जाणार. आपल्याला फोन करायला नको आणि बोलावणं तर पोचेल. त्यांना ही युक्ती नवऱ्यापेक्षाही जास्त आवडली.

"कल्पना," त्या म्हणाल्या, "आणि समोरची ईरा."

झालं. दोन फोन गेले, निरोपासकट. रविवारी चार वाजता हळदीकुंकू, आणि प्रत्येकीनं दोघींना सांगायचं. सोमवारी दुपारी मधुकररावांनी घड्याळ बघून जाहीर केलं की बासष्ट झाल्या, आणि समाधानानं झोपले.

मंगळवारी दुपारी देवासहून फोन आला. बाई अनोळखी होती. मी येऊ शकत नाही, पण निमंत्रणाबद्दल आभार, आणि तुमच्या कैरीच्या डाळीत लसूण घालतात का, असं तिनं विचारलं. अर्ध्या तासानं इंदूरहून कुणी विचारलं की पार्किंग कुठे आहे. सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा वर्तमानपत्राकडे बघत होता. हळूहळू मधुकररावांच्या लक्षात आलं की दोघींना सांगा एवढं सांगितलं, पण थांबा केव्हा हे कुणालाच सांगितलेलं नाही. वर्गात फळा संपला की गणित थांबायचं. इथे फळाच नव्हता.

त्यांनी पुढच्या फेऱ्या मांडल्या. मंगळवार संध्याकाळपर्यंत आठ, म्हणजे पाचशे दहा. शनिवार संध्याकाळपर्यंत सोळा.

"किती होतात?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"एक लाख एकतीस हजार सत्तर."

"बायका?"

"बायका."

सुनंदाबाई म्हणाल्या, "त्यात विजयाचा फोन आला का?"

नव्हता आला. मधुकररावांना त्या घटकेला विजयाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना चूक दुरुस्त करायची होती, आणि गणिताच्या माणसाची दुरुस्ती म्हणजे आणखी एक गणित. थांबा असा निरोप पाठवायचा, तोही साखळीनंच. पण पहिली साखळी आठ फेऱ्या पुढे गेलेली. प्रत्येकीनं दोघींना थांबवलं तर ती कधीच हाती लागणार नाही. तिघींना सांगितलं तर चौदा फेऱ्यांनी गाठेल, म्हणजे हळदीकुंकू उलटून दोन दिवस झाल्यावर. चौघींना सांगितलं तर बरोबर आठ फेऱ्या, शनिवार संध्याकाळ. सूनबाई अश्लेषा बँकेतून आली तेव्हा सासरे लॉगचं जुनं पुस्तक उघडून बसले होते. ते पाहून तिनं पर्स न ठेवताच विचारलं, की बाबा, आता काय झालं.

बुधवारी सकाळी दुसरा निरोप निघाला. यापुढे हळदीकुंकवाचं कुणाला सांगू नका, आणि एवढं चौघींना सांगा. कल्पनाबाई हुशार बाई. त्यांनी फोनवर शांतपणे विचारलं, "मधुभाऊ, मतलब सांगायचं आहे की नाही सांगायचं?" मधुकररावांनी त्यांना समजावलं. त्यांनी पुढे चौघींना समजावलं. त्या चौघींनी काय समजावलं ते देव जाणे.

माणसाच्या तोंडून जाणाऱ्या निरोपात सगळ्यात वेगवान कोणता, हे बीजगणितात शिकवत नाहीत. "कुणाला सांगू नका" असं म्हटलेला. पहिल्या साखळीला एका फेरीला अर्धा दिवस लागत होता. ही दुपारच्या आत गावभर झाली. संध्याकाळी अश्लेषा टॉवर चौकात कैऱ्या घ्यायला गेली, तर दुकानदार इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "भाभीजी, किसी को बताना मत, टिल्लू सर के यहाँ संडे को कुछ बड़ा हो रहा है." कुणी म्हणे चांदीची वाटी देणार आहेत. कुणी म्हणे सरांचा मुलगा निवडणुकीला उभा राहतोय. मुलगा भोपाळला सरकारी खात्यात टायपिंगच्या चुका काढत बसलेला, त्याला दोन अभिनंदनाचे फोन आले.

आता माघार नव्हती. घरात पन्नास बायका मावत, म्हणून मधुकररावांनी जवळच्या धर्मशाळेचा हॉल घेतला. कमीत कमी म्हणून पाचशे खुर्च्या. हरभरे भिजवायला धर्मशाळेचं पिंप. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडता उकडता अश्लेषानं गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली. सासऱ्यांशी ती दोन दिवस फक्त हो आणि नाही एवढंच बोलली, आणि त्यातही नाही जास्त. सुनंदाबाई पाय स्टुलावर ठेवून डाळ वाटत होत्या. फोन सारखा वाजत होता. प्रत्येक वेळी त्या हात पुसून नाव बघत आणि पुन्हा डाळ वाटायला घेत.

रविवारी चार वाजता हॉल तयार होता. गौर झोपाळ्यात बसली होती, कलिंगडं कापली होती, मोगरा टोपल्यांत होता, मधुकरराव दारात वही घेऊन उभे होते. बायका येऊ लागल्या. साडेपाचला येणं थांबलं. मधुकररावांनी मोजलं, पुन्हा मोजलं. त्रेसष्ट.

बहुतेक दर वर्षी येतात त्याच. पाचशे खुर्च्यांत त्या पहिल्या चार रांगा भरून बसल्या होत्या, आणि मागे हॉल रिकामा पसरला होता. कल्पनाबाईंनी सांगितलं की त्यांना एकूण चौदा वेळा बोलावणं आलं, ईराला सतरा. बाहेरगावच्या बायकांनी ऊन बघितलं आणि घरीच राहिल्या. गावात मराठी घरं आहेत तेवढीच. प्रत्येकीच्या दोघी म्हणजे फिरून फिरून त्याच. मधुकरराव वही मिटून म्हणाले, की प्रत्येक वेळी नवीन दोघी भेटतील असं मी धरून चाललो होतो. अश्लेषा पिंपभर हरभऱ्यांकडे बघत म्हणाली, "हो बाबा."

सुनंदाबाई मात्र खूश व्हायच्या ऐवजी एकेकीला कुंकू लावताना एकच विचारत होत्या. विजयाला तुम्ही सांगितलंत का? आणि सगळ्याजणी तेच म्हणत होत्या, की अहो, ती तर तुमच्या घरचीच. आम्हाला वाटलं तुम्हीच सांगितलं असेल.

शेवटच्या दोघी अनोळखी होत्या, भैरवगढच्या. छापखान्यात चादरी छापणाऱ्या घरातल्या, पदराला कोऱ्या कापडाचा वास. सुनंदाबाईंनी त्यांना हळद लावली तशी थोरली इकडेतिकडे बघत म्हणाली, "विजया भाभी नहीं आईं अब तक? हमने पूछा चलोगी, तो बोलीं तुम चलो, मैं आती हूँ. दोपहर से तैयार बैठी हैं."

सुनंदाबाईंचा हात कुंकवाच्या करंड्यातच राहिला. शेजारणीला बोलावणं पोचलं होतं. मला आलं नाही, हे त्या शेजारणीला कोणत्या तोंडानं सांगणार, म्हणून विजया येते म्हणाली. आणि येते म्हणाली म्हणून साडी नेसून बसली. त्यांना हे सगळं कुणी समजावून सांगायला लागलं नाही. त्यांनीही हेच केलं असतं.

"अश्लेषा, इकडे बघ जरा," त्या करंडा घेऊन उठत म्हणाल्या. "कुणाला जाऊ देऊ नकोस. अहो, रिक्षा थांबवा."

आपलं हळदीकुंकू चालू असताना घरची बाई उठून गेली, असं उज्जैनात आधी कधी झालं नव्हतं. बायकांना कळेना उठावं की बसावं. मधुकरराव वही तिथेच टाकून मागोमाग धावले. ई-रिक्षा गावातली रविवारची गर्दी कापत निघाली, प्रत्येक खड्ड्याला सुनंदाबाई गुडघा दाबून धरत होत्या. मधुकरराव म्हणाले की चूक माझी झाली. सुनंदाबाई म्हणाल्या, "तुमची खुर्च्यांची. ही माझी आहे. तुम्ही दोन नावं विचारलीत तेव्हा माझ्या मनात आलं होतं तिचं नाव."

दार विष्णूनं उघडलं. बनियनवर, हातात ब्रेडचा तुकडा. भावाला आणि वहिनीला बघून तो बाजूला झाला आणि आत बघून हळूच म्हणाला, की आमच्याकडे सकाळपासून चूल पेटलेली नाही, तिथेच खायचंय म्हणून.

विजया आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती. जांभळी साडी, केसात गजरा, मांडीवर पर्स. तिनं वर बघितलं आणि पुन्हा पर्सकडे बघू लागली.

"बोलावणं करायला आले," सुनंदाबाई दारातूनच म्हणाल्या.

"आता? संपलं असेल की."

"नाही संपलं. साठ बायका बसवून आलेय. तू आलीस की उठायचं, असं सांगितलंय."

सुनंदाबाईंनी उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि कळ आली तशा चौकटीला धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात विजया उठलीच. पर्स खाली पडली. तिनं जावेला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं, समोर जमिनीवर बसली, जांभळ्या साडीची काही पर्वा न करता, आणि तिचा पाय उचलून मांडीवर घेतला.

"आठ महिने झाले, वहिनी," ती गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाली. "माझ्याकडून एक दिवस तरी शेकून घ्यायचा होतात."

सुनंदाबाईंनी करंडा उघडला, तिच्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू, दोन्ही थोडं वाकडं लागलं. विष्णू ब्रेड खिशात घालून पाणी गरम करायला गेला.

मधुकरराव बाहेर ओट्यावर येऊन उभे राहिले. फोन वाजला. अश्लेषा होती. बायका विचारताहेत, पन्हं दोनदा देऊन झालं, आई केव्हा येतात. त्यांनी आत डोकावून बघितलं. विजया टॉवेल पिळत होती, आणि सुनंदा तिला ऑपरेशनची कहाणी अगदी पहिल्यापासून सांगू लागली होती.

"वेळ लागेल," ते म्हणाले.

"किती, बाबा?"

"ते नाही सांगता येणार," मधुकरराव म्हणाले, आणि चपला काढून आत जाऊन बसले.