शिक्का पाहून केलेली खात्री

जगात जे खरे असते त्यावर शिक्का असतो, आणि ज्यावर शिक्का नसतो त्याच्या खरेपणाची जबाबदारी कोणावरही येत नाही. या तत्त्वावर निरीक्षकसाहेबांनी वजनमापे खात्यात उभी हयात काढली. निवृत्तीनंतरही घरात आलेली साखर ते स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोलून घेत. (दुकानदार त्यांना लांबून पाहताच शटर ओढून घेई. हा आदरच म्हणायचा.)

अशा माणसाला कोण फसवणार?

त्या दुपारी साहेब सुनेच्या कॉम्प्युटरवर बातम्या वाचत होते. सून इमारतींचे नकाशे काढायची. एका शाळेचा नकाशा पुरा करून ती नुकतीच जेवायला बसली होती. संध्याकाळी तो द्यायचा होता, आणि पसंत पडला तर पुढची सगळी कामे तिलाच मिळणार होती. इतक्यात पडदा लालभडक झाला, भोंगा वाजला आणि अक्षरे उमटली : 'प्रिय ग्राहक, आपल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले आहेत. सफाईसाठी इथे दाबा.'

"काय कोकलतंय ते?" स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीने विचारले.

"तपासणी आहे."

"कुणी बोलावलं होतं?"

"तपासणीला कुणी बोलावत नसतं. मी कधी बोलावल्यावर गेलो का?"

"म्हणूनच विचारते. न बोलावता येऊन घरात साप आहे म्हणतो, त्याची आधी टोपली बघा. वायर ओढा ती!"

साहेबांना हा सूर खात्याविरुद्ध वाटला. पण ते आंधळा विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, भिंग आणले आणि पडद्याला नाक लावून खात्री केली. खाली ढाल होती. ढालीवर गोल शिक्का होता. शिक्क्यात 'प्रमाणित' असे लिहिले होते. (कोणी प्रमाणित केले ते नव्हते, पण जागाही फार थोडी होती.) शिवाय भाषा अदबीची. त्यांना घरात कोणी 'प्रिय' म्हटल्याचे उदाहरण उपलब्ध नाही.

त्यांनी दाबले.

'रक्षक' नावाचा प्रोग्रॅम आत उतरला आणि व्हायरसची मोजणी सुरू झाली. आकडा डोळ्यांदेखत फुगत गेला. साहेबांना कौतुक वाटले. त्यांच्या खात्यात एवढा उत्साह कोणी कधी दाखवला नव्हता. तपासणी अर्धवट राहू नये म्हणून त्यांनी सुनेच्या किल्ल्यांच्या जुडग्यातला पेनड्राइव्हही काढून रक्षकापुढे हजर केला. त्यात नकाशाची दुसरी प्रत होती.

रक्षकाने दोन्हींना कुलूप घातले आणि किल्लीची किंमत सांगितली.

सून हात पुसत आली. "बाबा, माझा नकाशा कुठाय?"

"एकदम सुरक्षित आहे," साहेब म्हणाले. "मलासुद्धा उघडता येत नाही."

दुरुस्तीवाला आला, त्याने बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. "पैसे भरू नका, वहिनी. भरले तरी किल्ली मिळेलच असं नाही. सगळं पुसावं लागेल." मग तो साहेबांकडे वळला. "काका, खरा रक्षक आपण निवडून आणलेला असतो, तो असा वाटेत गाठून बोंबलत नाही. अशी खिडकी आली की तिच्यातल्या एकाही बटणाला हात लावायचा नाही. फुलीलासुद्धा नाही. नेट तोडायचं, कॉम्प्युटर बंद करायचा."

"वायर ओढा म्हटलं होतं मी," आतून आवाज आला.

नकाशा गेला, कामे दुसऱ्या कोणाला मिळाली. सुनेने साहेबांचा काटा उचलून माळ्यावर टाकला.

साहेबांनी ते फार मनाला लावून घेतले. निदान इतरांचे तरी वाचावे म्हणून त्यांनी एक इशारा लिहिला : 'खोट्या रक्षकांपासून सावध राहा.' खाली दुरुस्तीवाल्याचे बोल जसेच्या तसे घातले आणि मोबाइलवरून सगळ्या नातलगांना पाठवला. कोणी उघडूनही पाहिला नाही. साहेबांच्या लक्षात उणीव आली. त्यांनी खाली एक ढाल काढली, ढालीवर गोल शिक्का काढला, शिक्क्यात 'प्रमाणित' लिहिले.

मग तो जो सुटला तो घरोघर पोचला. वाटेत कोणीतरी शेवटी एक ओळ वाढवली : 'खात्रीसाठी इथे दाबा.' कोणी वाढवली ते अजून कळलेले नाही.

तुम्ही दाबलेत, एवढे मात्र कळले आहे. आणि तुमचाही काही दोष नाही. शिक्का होता ना!