वामनरावांचं गिधाड

बिकानेरच्या वाळवंटात, गावची मेलेली जनावरं टाकतात त्या माळाच्या कडेला आरती पालथी पडली होती आणि तिला पाखरांची भीती वाटत होती. राजापेठेतल्या घरात चिमणी शिरली तरी ती खोली सोडायची. पण तिच्या बाबांना, वामनरावांना, गिधाडाचा फोटो काढायचा होता. मोठी लेन्स घेतली, तिकिटं काढली आणि निघायच्या आधीच ते गेले. वर्षश्राद्धाच्या आत तो फोटो आपण काढायचाच, असं आरतीनं ठरवलं होतं. शेजारी आई होती, पार्वताबाई.

"मेल्यासारखं पडून राहा," असं बजावून जीपवाला लांब गाडीत जाऊन बसला.

आईनं आधी डबा उघडला. वामनराव गेल्यापासून कावळ्याला घास ठेवल्याशिवाय ती जेवत नसे. पोळीचा तुकडा अन् जवसाची चटणी तिनं वाळूवर ठेवली.

"आई, इथं कावळा कुठून येईन?"

"मंग जो असन तो येईन."

आलं ते गिधाड. चटणीकडे त्यानं पाहिलंही नाही. दोन बायका हलत नाहीत, हे मात्र नीट पाहिलं. मागोमाग आणखी दोन उतरली. पहिलं चालत चालत इतकं जवळ आलं, की लेन्समध्ये नुसता तपकिरी धूर दिसू लागला.

"काढ ना वं फोटो."

"लय जवळ हाये. दिसूनच नाही रायलं."

"मंग तू मागं सरक."

"पाय हलून नाही रायले माहे."

गिधाडानं मान लांबवून आईच्या चपलेला चोच लावली. आईनं पडल्यापडल्याच डोक्यावरचा पदर सावरला.

"आवो," ती गिधाडाला म्हणाली, "जरा मागं सरका. पोरगी फोटो काढून रायली."

गिधाडानं तिच्याकडे पाहिलं, उड्या मारत मागं सरकलं आणि पंख पसरून उभं राहिलं. आरतीनं डोळे मिटून बटण दाबलं ते दाबूनच ठेवलं.

जीपमध्ये बसल्यावर आरतीनं कॅमेरा आईपुढे धरला. फोटो लख्ख आला होता. आई तो बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा आले असं वाटलं ना तुले?" आरतीनं हळूच विचारलं.

"पयले वाटलं. पण ते नोयत हे."

"काहून?"

"जल्मात कधी एका सांगण्यात सरकले का ते?"